नमुना २६: मतदाराच्या हाती पडणाऱ्या एका कागदाचे परीक्षण

निवडणुकीच्या हंगामात मतदाराच्या घरी जे कागद येऊन पडतात, ते जवळजवळ सगळे उमेदवाराने आपल्या सोयीने छापलेले असतात: कार्यअहवाल, वचननामा, मतदार चिठ्ठीच्या पाठीवरचा हात जोडलेला फोटो आणि त्याखालचे चिन्ह. उमेदवाराची इच्छा असो वा नसो, कायद्याने त्याला लिहावाच लागतो असा एक कागद मात्र घरी कोणी आणून देत नाही. तो म्हणजे उमेदवारी अर्जासोबत दाखल होणारे शपथपत्र, म्हणजेच निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नमुना २६. हा कागद आणि तो आपल्यापर्यंत पोचवणाऱ्या दोन सेवा यांचे हे परीक्षण आहे. एक सेवा भारत निवडणूक आयोगाची, म्हणजे शपथपत्रांचे संकेतस्थळ आणि 'नो युवर कँडिडेट' हे अ‍ॅप. दुसरी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स (एडीआर) या संस्थेची 'मायनेता' ही साइट. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही मी २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मनापासून वापरल्या.

माझी पार्श्वभूमी सांगणे येथे आवश्यक आहे, कारण माझे मत तिच्यातूनच बनले आहे. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मी बरीच वर्षे काढली. कर्जदाराचे मालमत्ता व दायित्वांचे विवरणपत्र वाचणे, त्याच्या सातबाऱ्यावरचा बोजा पाहणे, जामीनदार खरोखर जामीन राहण्याच्या ऐपतीचा आहे की कर्जदाराचाच मेहुणा आहे हे शोधणे, हे माझे रोजचे काम होते. पाच लाखांच्या कर्जासाठी एवढी चौकशी करणारा मी, मत देताना मात्र निवृत्त होईपर्यंत वर्तमानपत्रातल्या 'कोट्यधीश उमेदवार' अशा चौकटीपलीकडे गेलो नव्हतो, हे कबूल करतो.

२०२४ चे वेळापत्रकही ध्यानात घेण्यासारखे होते. अर्ज भरण्याची अखेरची तारीख २९ ऑक्टोबर, म्हणजे धनत्रयोदशी. छाननी ३० तारखेला. माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला, म्हणजे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. आणि मतदान २० नोव्हेंबरला. २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार रिंगणात उरले, म्हणजे सरासरीने एका मतदारसंघात चौदा. रिंगणात कोण कोण आहे हे नक्की झाल्यापासून मतदारापाशी पंधरवडाच उरला होता आणि त्यातले पहिले दिवस तर फराळाचे डबे पोचवण्यातच गेले. मात्र अर्ज दाखल झाल्यावर चोवीस तासांत शपथपत्र संकेतस्थळावर यावे, अशी व्यवस्था असल्यामुळे प्रमुख उमेदवारांचे कागद माघारीची वाट न पाहता वाचता येतात. मी लक्ष्मीपूजनानंतरच्या दुपारी सुरुवात केली.

कागद मिळवणे अवघड नाही. निवडणूक, राज्य आणि मतदारसंघ निवडला की उमेदवारांची यादी समोर येते आणि नावावर गेल्यावर शपथपत्र उतरवून घेता येते. अ‍ॅपमध्ये उमेदवाराविरुद्ध फौजदारी प्रकरणे आहेत की नाहीत, हे आधीच 'होय' किंवा 'नाही' असे दाखवलेले असते. ज्यांना मोबाइल जमत नाही, त्यांच्यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील सूचनाफलकावर हेच शपथपत्र लावलेले असते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: उमेदवाराने चुकीचे लिहिले आहे असे कोणाला वाटले, तर त्याला प्रति-शपथपत्र दाखल करता येते आणि तेही त्याच फलकावर लागते.

अडचण येते ती कागद उघडल्यानंतर. शपथपत्र मुद्रांकावर, नोटरीच्या शिक्क्यानिशी तयार होते आणि त्याचे स्कॅन केलेले चित्रच आपल्याला मिळते. त्यात शब्द शोधता येत नाही, आकड्यांची बेरीज करता येत नाही. काही शपथपत्रे तर हाताने भरलेली असतात आणि प्रत्येक पानावरची सही व गोल शिक्का नेमका रकमेवर येऊन बसतो. ज्या देशात सातबारा घरबसल्या उतरवता येतो, त्या देशात उमेदवाराने आपली माहिती मजकुराच्या रूपात भरावी आणि ती तशीच लोकांपुढे यावी, ही अपेक्षा काही फार मोठी नाही. कागदाच्या रचनेबद्दल मात्र तक्रार नाही. वीस-पंचवीस पाने वाचण्याचा धीर नसेल, तर शेवटचा 'भाग ब' पाहावा. त्यात सगळ्याचा गोषवारा असतो. तो वाचून थांबणारा वाचक फसतो कसा, हे पुढे येईलच.

हा कागद आपल्याला कोणी कौतुकाने दिलेला नाही. एडीआर ही संस्था १९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधील प्राध्यापकांनी स्थापन केली आणि तिच्या याचिकेवरून दिल्ली उच्च न्यायालयाने २००० मध्ये, तर सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी असा निर्णय दिला की उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे. त्यानंतर संसदेने लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ३३-ब घातले. न्यायालयाने काहीही सांगितले असले तरी कायद्यात लिहिले आहे त्यापलीकडे उमेदवाराने काही जाहीर करण्याची गरज नाही, असा त्याचा मथितार्थ होता. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द केले. २०१३ मध्ये रकाने कोरे सोडलेले शपथपत्र चालणार नाही असे ठरले. २०१८ मध्ये उत्पन्नाचे स्रोत, तेही पती-पत्नी आणि अवलंबितांसह, सांगणे बंधनकारक झाले. आणि २०१९ पासून एका वर्षाऐवजी पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणातील उत्पन्न लिहावे लागू लागले. म्हणजे नमुन्यातला जवळजवळ प्रत्येक रकाना कोणीतरी कोर्टात भांडून मिळवलेला आहे. वाचताना कंटाळा आला की मी हे आठवत असे.

आता वाचनाकडे येतो. पहिला भाग फौजदारी प्रकरणांचा. येथे गुन्ह्याचा क्रमांक व पोलीस ठाणे, खटल्याचा क्रमांक व न्यायालय, कलमे, गुन्ह्याचे थोडक्यात वर्णन आणि दोषारोप निश्चित झाले आहेत का व कधी, हे सारे लिहिलेले असते. आपल्याकडे चर्चा होते ती फक्त संख्येची: 'त्याच्यावर चौदा केसेस आहेत.' पण चौदा केसेस म्हणजे काय, हे कलमे वाचल्याशिवाय कळत नाही. भारतीय दंड संहितेची १४३, १४९, १८८ आणि त्यांच्या जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाची ३७ (१) व १३५ ही कलमे दिसली, की ती बहुधा मोर्चा, रास्ता रोको, जमावबंदी मोडणे अशा प्रसंगांची असतात. दूधदर, ऊसदर किंवा पाणी यांसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या कार्यकर्त्याच्या शपथपत्रात ती हमखास सापडतात. याउलट एकच प्रकरण असते, पण त्यात ४०६, ४०९ आणि ४२० ही कलमे एकत्र असतात, म्हणजे विश्वासघात आणि फसवणूक. तेही एखाद्या पतसंस्थेच्या ठेवीदारांच्या तक्रारीवरून, दोषारोप निश्चित झालेले. माझ्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर पहिला कर्जदार भांडखोर आहे, दुसऱ्याला कर्जच देता येत नाही.

यात २०२४ पासून आणखी एक गुंता वाढला आहे. १ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यापूर्वीच्या घटनांचे खटले जुन्याच कलमांखाली चालू राहिले आणि नंतरच्या घटनांना नवी कलमे लागली. त्यामुळे एकाच शपथपत्रात दोन्ही आकडे शेजारीशेजारी नांदतात. चारशेवीस म्हटले की शाळकरी पोरालाही अर्थ कळतो. तोच गुन्हा ३१८ (४) असा लिहिला की वाचणारा बिनधास्त पुढे सरकतो. संकेतस्थळावर कलमाच्या शेजारी गुन्ह्याचे साध्या मराठीतले नाव आले, तर मतदाराचे निम्मे काम होईल.

दुसरा भाग मालमत्तेचा, आणि माझ्या मते येथेच सर्वात जास्त दिशाभूल होते. ती उमेदवारापेक्षा आपल्या वाचण्याच्या सवयीमुळे होते. 'पाच वर्षांत संपत्ती दुप्पट' हा मथळा प्रत्येक निवडणुकीत येतो. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये दहा ग्रॅम सोन्याचा भाव ३८ ते ३९ हजार रुपयांच्या आसपास होता आणि ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस तो ८० हजारांच्या घरात पोचला होता. ज्या उमेदवाराच्या पत्नीने पाच वर्षांत एक ग्रॅमही सोने घेतले नाही, तिच्या दागिन्यांची किंमत कागदावर दुप्पट झालीच. म्हणून रुपये पाहू नयेत, वजन पाहावे. शपथपत्रात दागिन्यांसमोर वजन लिहायची जागा असते. ती जागा वाचली की दोन मिनिटांत उलगडा होतो.

जमिनीचेही असेच आहे. स्थावर मालमत्तेच्या रकान्यात गट किंवा सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, वडिलोपार्जित की स्वसंपादित, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि आजचे अंदाजे बाजारमूल्य, असे सगळे द्यावे लागते. बाजारमूल्य हा शेवटचा आकडा अंदाजाचा असतो; कोणी रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरपत्रकाने लावतो, कोणी मनाने. मी ते पूर्णपणे सोडून देतो आणि दोन निवडणुकांची शपथपत्रे समोरासमोर ठेवून फक्त गट क्रमांक जुळवतो. २०१९ च्या यादीत नसलेले कोणते गट २०२४ मध्ये आले, ते कोणत्या गावचे आहेत, खरेदी कोणत्या साली झाली, आणि त्या साली त्या परिसरात कोणत्या रस्त्याची किंवा औद्योगिक क्षेत्राची घोषणा झाली होती, हे प्रश्न मतदारसंघातल्या माणसाला दिल्लीतल्या कोणत्याही विश्लेषकापेक्षा चांगले विचारता येतात, कारण त्या गावाची वाट त्याच्या पायाखालची असते. मी वाचलेल्या एका शपथपत्रात मालमत्तेचा एकूण आकडा पाच वर्षांत फारसा हललाच नव्हता, पण वडिलोपार्जित कोरडवाहू जमीन तेवढीच राहून स्वसंपादित यादीत एकाच गावचे चार नवे गट आले होते आणि त्यांच्या बरोबरीने तेवढेच कर्जही उभे होते. 'भाग ब' वाचून थांबलो असतो, तर मला यातले काहीच दिसले नसते.

ज्यांच्या दारात चार गाड्या उभ्या दिसतात, त्यांच्या शपथपत्रात 'वाहन: निरंक' असे वाचून हसू येते खरे, पण ते खोटे असेलच असे नाही. गाडी भागीदारी फर्मच्या किंवा कंपनीच्या नावावर असते, आणि फर्ममधला भांडवली हिस्सा किंवा फर्मला दिलेले कर्ज मात्र गुंतवणुकीच्या रकान्यात सापडते. म्हणून फर्मचे नाव लिहून घ्यावे आणि तेच नाव 'सरकारशी असलेली कंत्राटे' या रकान्यात पुन्हा येते का, ते पाहावे. दायित्वांच्या रकान्यात बँकेचे कर्ज असले तर मला उलट बरे वाटते; बँकेने काहीतरी तपासलेले असते. नात्यातल्या पाच-सहा जणांकडून घेतलेल्या बिनव्याजी हातउसन्या रकमांची लांबलचक यादी दिसली की मी पेन्सिलीने खूण करतो. ती सवय अजून गेलेली नाही.

आता 'मायनेता'बद्दल. येथे तीच शपथपत्रे माणसांनी वाचून तक्त्यात मांडलेली असतात: प्रकरणांची संख्या, कलमे, शिक्षण, एकूण मालमत्ता, दायित्वे. उमेदवारांची क्रमवारी लावता येते, जुन्या निवडणुकांची माहिती त्याच ठिकाणी मिळते, आणि मूळ शपथपत्राचीही जोड दिलेली असते. घाईतल्या माणसाने येथून सुरुवात करावी. मात्र ही शिजवलेली माहिती आहे, आणि शिजवताना काही चव जाते. 'गंभीर गुन्हे' हा तिचा रकाना घ्या. पाच वर्षे वा अधिक शिक्षेचे किंवा अजामीनपात्र गुन्हे, अशा काही निकषांवर तो ठरतो, आणि निकष उघडपणे जाहीर केलेले आहेत, ही चांगली गोष्ट. पण सरकारी कामात अडथळ्याचे कलम ३५३ अजामीनपात्र असल्याने, तहसील कार्यालयात टेबलावर हात आपटून आलेला कार्यकर्ता आणि खंडणीचा आरोपी हे दोघे या रकान्यात एकाच ओळीत बसतात. २०२४ मध्ये निवडून आलेल्या आमदारांपैकी २८६ जणांची शपथपत्रे एडीआरने तपासली आणि त्यांतील १८७ जणांनी आपल्यावर फौजदारी प्रकरणे असल्याचे जाहीर केलेले होते. हा आकडा महत्त्वाचा आहेच, पण राज्यासाठी. माझ्या मतदारसंघातल्या दोन उमेदवारांत निवड करताना तो मला उपयोगी पडत नाही. तेथे मूळ कागदच उघडावा लागतो.

तिसरी वाट वर्तमानपत्राची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानंतर फौजदारी प्रकरणे असलेल्या उमेदवाराला ती प्रचारकाळात तीन वेळा वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर जाहीर करावी लागतात. २०२० च्या आदेशानुसार पक्षालाही असा उमेदवार का निवडला आणि स्वच्छ पार्श्वभूमीचा दुसरा कोणी का मिळाला नाही, याची कारणे द्यावी लागतात, आणि केवळ निवडून येण्याची क्षमता हे कारण चालत नाही. प्रत्यक्षात ही जाहिरात कोपऱ्यातल्या जाहीर नोटिशीसारखी येते, आणि पक्षांनी दिलेली कारणे 'लोकप्रिय आहेत, समाजकार्य मोठे आहे, गुन्हे राजकीय सूडातून दाखल झाले आहेत' या तीन वाक्यांच्या आसपास फिरत राहतात. या सेवेला मी गुण देत नाही.

शपथपत्राची सर्वात मोठी मर्यादा अशी की त्यातला मजकूर खरा आहे की नाही, हे अर्ज स्वीकारताना कोणी तपासत नाही. खोटी माहिती दिल्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे, परंतु ती वाट कोर्टातून जाते आणि तिथले वेळापत्रक पाच वर्षांत बसेलच असे नाही. त्यातच ९ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशातील एका प्रकरणात असे म्हटले, की जंगम मालमत्तेतली प्रत्येक वस्तू उमेदवाराने जाहीर केलीच पाहिजे असे नाही. जी मुळातच मोठ्या मूल्याची आहे किंवा त्याच्या राहणीमानावर प्रकाश टाकते, ती जाहीर करावी. या निर्णयाशी मी फारसा भांडत नाही. घड्याळ-पेन मोजण्यात मतदाराचाही काही लाभ नाही. पण 'मोठे मूल्य' ठरवायचे कोणी, हा प्रश्न उरतोच.

दुसरी मर्यादा म्हणजे हा कागद उमेदवाराची ऐपत आणि अडचणी सांगतो, काम सांगत नाही. विद्यमान आमदार सभागृहात किती दिवस बसले, कोणते प्रश्न विचारले, ते यात शोधू नये. खासदारांची उपस्थिती आणि प्रश्न पीआरएस या संस्थेच्या साइटवर नीट मांडलेले असतात; मुंबईच्या आमदारांचे प्रगतिपुस्तक प्रजा फाउंडेशन काढते. मुंबईबाहेरच्या मतदाराला विधिमंडळाच्या कामकाजातून स्वतःच उपसा करावा लागतो. तो मी केला आणि पुन्हा करीन असे वचन देत नाही.

स्थानिक स्वराज्य संस्थांची गोष्ट वेगळी आहे, हे येथे सांगितले नाही तर वाचक चुकीच्या दारावर जाईल. महापालिका, नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही. त्या राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तेथील शपथपत्रे त्याच्याच व्यवस्थेत शोधावी लागतात. मुंबई वगळता महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग असल्यामुळे एका मतदाराला बहुतेक ठिकाणी चार मते द्यायची असतात. चार जागा, प्रत्येक जागेवर पाच-सहा उमेदवार, म्हणजे वीस ते चोवीस शपथपत्रे. माझ्यासारख्या निवृत्ताचीही तेवढी वाचण्याची ताकद नाही. आमच्या सोसायटीत आम्ही चौघांनी जागा वाटून घेतल्या, प्रत्येकाने आपल्या वाट्याचे कागद वाचले आणि रविवारी सकाळी चहावर एकमेकांना सांगितले. कोणाला मत द्यायचे यावर एकमत झाले नाही, पण एका उमेदवाराच्या पत्नीच्या नावचे कर्ज आमच्यातल्या एकाला ठाऊक असलेल्या पतसंस्थेचे निघाले आणि त्या सकाळचा बराच वेळ त्यातच गेला.

गुण द्यायचेच तर मूळ कागदाला पाचपैकी चार, त्याच्या स्कॅन केलेल्या रूपाला दोन, आणि 'मायनेता'ला साडेतीन. वापरणाऱ्याला एक सूचना: निवडून आलेल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या अशा दोघांचीही शपथपत्रे निकाल लागताच उतरवून आपल्या संगणकात ठेवावीत आणि फाइलला वर्ष व मतदारसंघाचे नाव द्यावे. माझ्याकडे २०१९ ची तशी प्रत नव्हती, ती शोधण्यात एक पूर्ण दुपार गेली. २०२४ च्या प्रती आता 'कर्जप्रकरणे' या जुन्याच नावाच्या फोल्डरमध्ये आहेत.